फॉरमॅट मारला म्हणजे नेमकं काय केलं?



कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात जा. पुण्यात जा, इंदूरला जा, बेळगावला जा. एक वाक्य हमखास कानावर पडतं : “साहेब, फॉरमॅट मारावा लागेल.” आपण घाबरून विचारतो, “मग आतलं सगळं जाईल का हो?” दुकानदार शांतपणे सांगतो, “सगळं जाईल.” तेच मशीन आपण विकायला काढलं की तोच दुकानदार आपल्याला धीर देतो, “काळजी नको, फॉरमॅट मारून देतो, काही मागे राहणार नाही.”

ही दोन्ही वाक्यं मी पस्तीसेक वर्षं ऐकतोय. दोन्ही अर्धीच खरी आहेत. पहिल्या वाक्यावर विश्वास ठेवून लोकांनी परत मिळू शकली असती अशी माहिती सोडून दिली. दुसऱ्यावर विश्वास ठेवून लोकांनी आपले बँकेचे हिशेब, पत्रं आणि फोटो भंगारवाल्याच्या हाती दिले. हा गैरसमज आला कुठून, हे आज आपण बघणार आहोत. त्यासाठी १९८० च्या दशकात जावं लागेल. तेव्हा पीसीमध्ये नवी हार्ड डिस्क बसवली की ती वापरात आणायला तीन वेगवेगळी कामं हातानं करावी लागत. ती तीन कामं समजली की काय पुसलं जातं आणि काय जागच्या जागी राहतं, हे आपोआप उलगडतं.

माझी ओळख एका ओळीत. मी सैन्यातून निवृत्त झालेला अधिकारी. इंजिनिअर नाही, साधा पदवीधर. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमच्या कार्यालयात पहिला पीसी आला आणि त्याचा चार्ज माझ्याकडे दिला गेला. सैन्यात ज्याच्याकडे चार्ज त्याला ती वस्तू आतून-बाहेरून माहीत हवी. पुस्तकं मिळतील तशी वाचली, बाकी हात घालून शिकलो. घर शेतकऱ्याचं असल्यामुळे मला हार्ड डिस्क समजली ती जमिनीच्या भाषेत, आणि तुम्हालाही मी ती त्याच भाषेत सांगणार आहे. मोजणी, वाटणी आणि सात-बारा. मध्य प्रदेशातली मंडळी सात-बाऱ्याच्या जागी खसरा म्हणा, बेळगाव-हैदराबादकडची पहाणी म्हणा. वस्तू एकच : जमीन कुणाची, कुठून कुठवर आणि तिच्यात काय आहे, हे सांगणारा सरकारी कागद.

आधी जमीन कुठून आली ते पाहू

हार्ड डिस्क पीसीपेक्षा बरीच जुनी आहे. आयबीएमनं १९५६ साली रॅमॅक नावाची यंत्रणा आणली. तिच्या डिस्कच्या कपाटात २४ इंच व्यासाच्या ५० थाळ्या एकावर एक फिरत, वजन टनाच्या आसपास होतं, आणि एवढ्या संसारात मावत होती ५० लाख अक्षरं. पुढे थाळ्या लहान होत गेल्या. १९८० साली अ‍ॅलन शुगार्ट यांच्या कंपनीनं, म्हणजे नंतरच्या सीगेटनं, सव्वापाच इंची एसटी-५०६ ही डिस्क बाजारात आणली. क्षमता ५ एमबी. म्हणजे जे कपाटात मावत होतं ते आता टेबलावरच्या डब्यात बसायला लागलं.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या आयबीएम पीसीला मात्र हार्ड डिस्क नव्हतीच. १६० केबीची फ्लॉपी होती, आणि कॅसेट टेपरेकॉर्डर जोडायची सोय होती. ८ मार्च १९८३ रोजी आयबीएमनं पीसी एक्सटी जाहीर केला. किंमत ४,९९५ डॉलर, आत १० एमबीची हार्ड डिस्क, आणि ती चालवायला डॉसची २.० ही आवृत्ती. आज आपण बोलतो आहोत ती बहुतेक परंपरा त्या दिवशी सुरू झाली. फ्लॉपीसाठी ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरं आधीच गेलेली होती, म्हणून हार्ड डिस्कच्या वाट्याला ‘सी’ आलं. आज कुणाच्या मशीनला फ्लॉपी नाही, पण विंडोज अजून ‘सी ड्राइव्ह’च दाखवतं.

आयबीएम १९७८ साली भारतातून निघून गेली होती. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारचं नवं संगणक धोरण आलं आणि आपल्याकडे भारतीय कंपन्यांनी जुळवलेले एक्सटीच्या जातीचे पीसी कार्यालयांत दिसू लागले. आमच्या मशीनसाठी इमारतीतली एकमेव वातानुकूलित खोली दिली होती. बूट बाहेर काढून आत जायचं आणि काम झालं की यंत्रावर कापडी खोळ घालायची.

पहिलं काम : मोजणी

डिस्क म्हणजे लोहचुंबकी लेप दिलेली, मिनिटाला ३,६०० फेरे घेणारी थाळी. कारखान्यातून येते तेव्हा ती माळरानासारखी असते. शेत कुठं सुरू होतं, बांध कुठं आहे, काही नाही. तिच्यावर गोल पट्टे आखायचे, त्यांना ट्रॅक म्हणतात. प्रत्येक ट्रॅकचे १७ तुकडे करायचे, ते सेक्टर. एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट. थाळ्यांच्या चार पृष्ठभागांना चार हेड, आणि एकाखाली एक येणाऱ्या ट्रॅकांचा मिळून एक सिलिंडर. एक्सटीच्या १० एमबी डिस्कवर ३०६ सिलिंडर असत. आता गुणाकार करा : ३०६ गुणिले ४ गुणिले १७ गुणिले ५१२. उत्तर येतं १,०६,५३,६९६ बाइट. हीच ती १० एमबी.

ही आखणी करण्याला लो-लेव्हल फॉरमॅट म्हणत. त्यासाठी डॉसची नेहमीची आज्ञा नव्हती. डीबग नावाचा प्रोग्रॅम उघडायचा आणि ‘जी=सी८००:५’ असं टाइप करून एंटर दाबायचं. त्यासरशी डिस्कच्या कंट्रोलर कार्डावरच्या चिपमध्ये बसवलेला प्रोग्रॅम जागा होई आणि प्रश्न विचारू लागे. सगळ्याच कंट्रोलरना हा मंत्र लागू पडत नसे, पण त्या काळात पीसीशी झटापट केलेल्या माणसाला तो अजून झोपेतही आठवेल.

प्रश्नांमधला एक असे खराब जागेचा. डिस्कच्या डब्यावर कारखान्यानं एक चिठ्ठी चिकटवलेली असे : अमुक सिलिंडर, अमुक हेड, इथला लेप सदोष आहे. ते आकडे वाचून हातानं टाइप करावे लागत. सात-बाऱ्यावर लागवडीला निरुपयोगी जमिनीची नोंद ‘पोटखराबा’ म्हणून करतात, तशीच ही नोंद. चिठ्ठी आतल्या बाजूला असे, म्हणून डिस्क बसवण्याआधी ती वहीत उतरवून घ्यायची आमची शिस्त होती.

दुसरा प्रश्न इंटरलीव्हचा. डिस्क सेकंदाला ६० फेरे मारते. एक्सटीचं यंत्र संथ. पहिला सेक्टर वाचून, तो मेमरीत ठेवून, दुसरा घ्यायला ते तयार होईपर्यंत दुसरा सेक्टर हेडखालून निघून गेलेला असे. मग तो परत येईपर्यंत पूर्ण फेरा थांबायचं. असं प्रत्येक सेक्टरला झालं तर एक ट्रॅक वाचायला १७ फेरे लागतील. तोडगा असा की सेक्टरांना ओळीनं नंबर द्यायचेच नाहीत. एक नंबरचा सेक्टर इथे, तर दोन नंबरचा पाच घरं सोडून सहाव्या घरात. म्हणजे यंत्राची तयारी होते न होते तोच हवा तो सेक्टर समोर येतो आणि सगळा ट्रॅक सहा फेऱ्यांत वाचून होतो. यंत्र वेगवान असेल तर अंतर कमी ठेवायचं. हा एक आकडा बरोबर निवडला की तेच मशीन दुप्पट-तिप्पट वेगानं चालल्यासारखं वाटे.

आणखी एक गोष्ट पुस्तकात कमी आणि अनुभवात जास्त सापडते. त्या काळातल्या स्वस्त डिस्कमधले हेड स्टेपर मोटरवर चालत. ठरलेल्या पायऱ्या मोजून पुढे-मागे जायचं, ट्रॅक खरोखर खाली आहे का हे तपासायची सोय नाही. धातू थंडीत आकसतो, उन्हात पसरतो. थंड यंत्रावर आखलेला ट्रॅक यंत्र तापल्यावर केसभर बाजूला सरकलेला सापडे. डिस्क आडवी ठेवून फॉरमॅट केली आणि नंतर उभी केली तरी तीच कथा. म्हणून आम्ही मशीन आधी अर्धा तास चालू ठेवायचो आणि जिथे, ज्या स्थितीत ते वापरायचं तिथेच आखणी करायचो. मशीन ट्रकमधून दुसरीकडे न्यायचं असेल तर पार्क नावाचा छोटा प्रोग्रॅम चालवून हेड सुरक्षित जागी नेऊन ठेवायचे आणि मगच वीज बंद करायची. तो चालवल्याची सही घेतल्याशिवाय मी मशीन गाडीत चढू देत नसे.

दुसरं काम : वाटणी

मोजणी झाली, आता हद्दी. डॉस २.० बरोबर एफडिस्क नावाचा प्रोग्रॅम आला. डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये तो एक छोटा तक्ता लिहितो. पूर्ण तक्ता ६४ बाइटचा, त्यात १६-१६ बाइटच्या चार ओळी. प्रत्येक ओळीत लिहायचं : हा हिस्सा कुठून सुरू होतो, किती मोठा आहे, कुणाच्या मालकीचा आहे, आणि मशीन चालू झाल्यावर हाच उठवायचा का. ज्या हिश्शावर ‘उठवायचा’ अशी खूण, तो अ‍ॅक्टिव्ह पार्टिशन. एफडिस्कनं वाटणी करून दिली पण ही खूण करायची राहून गेली, तर मशीन चालूच व्हायचं नाही.

दहा एमबीच्या डिस्कला चार हिस्से कशाला, असा प्रश्न तेव्हाही पडायचा. कारण असं की १९८३ साली डॉस एकटा नव्हता. सीपी/एम-८६ होता, युनिक्सच्या घराण्यातला झेनिक्स होता. एकाच डिस्कवर प्रत्येकाला आपापली जागा मिळावी आणि एकानं दुसऱ्याच्या वावरात पाय टाकू नये, म्हणून ही सोय. म्हणजे मुळात वाटणी झाली ती भिन्न ऑपरेटिंग सिस्टीमना शेजारी राहता यावं म्हणून. आपण मात्र पुढे तिचा वापर ‘सी’मध्ये विंडोज आणि ‘डी’मध्ये मुलांचे फोटो अशी कप्पेबंदी करायला केला.

इथं लक्षात ठेवायची गोष्ट एकच. एफडिस्क डिस्कभर काही लिहीत नाही. तो तो एवढासा तक्ता बदलतो. हद्दीची नोंद खोडली तरी शेतातलं पीक उभंच असतं.

तिसरं काम : सात-बारा

हिस्सा ठरला की मग डॉसची फॉरमॅट ही आज्ञा. ती हिश्शाच्या सुरुवातीला तीन गोष्टी लिहिते. पहिली, मशीन सुरू करणारा बूट सेक्टर. दुसरी, फाइल अ‍ॅलोकेशन टेबल, म्हणजेच फॅट. तिसरी, मुख्य डिरेक्टरी. डिरेक्टरीत फाइलचं नाव, आकार, तारीख आणि तिचा पहिला तुकडा कुठे आहे एवढं असतं. तिथून पुढचा तुकडा कुठे, त्याच्या पुढचा कुठे, ही साखळी फॅटमध्ये. फॅट इतकं महत्त्वाचं की त्याच्या दोन प्रती ठेवतात, जशी गावची एक वही आणि तहसिलीतली एक.

फॅटची कल्पना १९७७ साली मायक्रोसॉफ्टमध्ये मार्क मॅकडोनल्ड यांनी फ्लॉपीवर चालणाऱ्या बेसिकसाठी मांडली. टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये ती ज्या प्रणालीत घेतली, तिचाच पुढे डॉस झाला. म्हणजे ही वही फ्लॉपीच्या मापाची होती आणि तीच हार्ड डिस्कच्या कामाला लावली गेली.

आता गैरसमजाचं मूळ बघा. फ्लॉपीला फॉरमॅट आज्ञा दिली की पहिलं आणि तिसरं काम एकदमच होई. ट्रॅक नव्यानं आखले जात, जुनी माहिती खरोखर मिटे. हार्ड डिस्कला मात्र तीच आज्ञा फक्त तिसरं काम करी. नवी कोरी वही लिहायची, आणि पुढची सगळी जमीन नुसती वाचून बघायची, कुठे खराब सेक्टर सापडतो का. काही कंपन्यांचे डॉस अपवाद होते, पण सर्वसाधारण रीत हीच. पडद्यावर हेड आणि सिलिंडरचे आकडे सरकत राहत, कित्येक मिनिटं जात, आणि बघणाऱ्याची खात्री पटे की एकेक ट्रॅक पुसला जातो आहे. खरं तर यंत्र नुसतं शेतातून फेरी मारत होतं. आज्ञेचं नाव एक, कामं दोन, आणि लोकांनी फ्लॉपीवरचा अनुभव हार्ड डिस्कला लावला.

रकाना किती रुंद?

जमिनीच्या बाबतीत आपण म्हणतो, जागा आहे पण कागद नाही. हार्ड डिस्कच्या इतिहासात हे वारंवार घडलं. डिस्क मोठ्या होत गेल्या आणि नोंदवहीचे रकाने अपुरे पडत गेले.

डॉस एका हिश्शातल्या सेक्टरांची संख्या १६ बिटच्या रकान्यात लिहीत असे. त्यात मावणारी मोजणी ६५,५३६ पर्यंत. गुणिले ५१२ करा : ३,३५,५४,४३२ बाइट, म्हणजे ३२ एमबी. चाळीस एमबीची डिस्क विकत घेतली तरी डॉसला ३२ च्या पुढची जमीन दिसतच नसे. १९८७ साली डॉस ३.३ नं एक्स्टेंडेड पार्टिशन आणलं. चार हिश्शांपैकी एकाचे पोटहिस्से पाडायचे आणि त्यांना डी, ई, एफ अशी अक्षरं द्यायची. तेव्हाच्या चाळीस एमबीच्या मशीनवर ३२ ची ‘सी’ आणि ८ ची ‘डी’ दिसायची ती यामुळे. कुणी हौस म्हणून ती वाटणी केलेली नव्हती. १९८८ च्या डॉस ४.० नं रकाना रुंद केला आणि ही मर्यादा उठली.

पुढची अडचण दोन कार्यालयांच्या वेगवेगळ्या फॉर्मसारखी होती. पीसीतला बायोस सिलिंडरसाठी १,०२४, हेडसाठी २५६ आणि सेक्टरसाठी ६३ पर्यंतचे आकडे घेई. नव्या आयडीई डिस्कांच्या फॉर्ममध्ये सिलिंडर ६५,५३६ पर्यंत चालत, पण हेड फक्त १६ आणि सेक्टर २५५. पहिला फॉर्म एकटा असता तर सुमारे ८ अब्ज बाइटपर्यंत मजल गेली असती, दुसरा एकटा असता तर सुमारे १३६ अब्जपर्यंत. पण अर्ज दोन्ही खिडक्यांवरून पुढे सरकायचा असल्यामुळे प्रत्येक रकान्यात लहान आकडाच चाले. १,०२४ गुणिले १६ गुणिले ६३ गुणिले ५१२. उत्तर ५२,८४,८२,३०४ बाइट, म्हणजे ५०४ एमबी. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ज्यांनी मोठी डिस्क घेतली आणि मशीननं ५०४ च दाखवले, त्यांना दुकानदारानं फसवलेलं नव्हतं. दोन रकाने जुळत नव्हते.

त्यानंतर फॅट-१६ ची २ जीबीची मर्यादा आली. तिथं दुसरंच दुखणं होतं. वहीतल्या ओळींची संख्या ठरलेली, त्यामुळे हिस्सा मोठा झाला की एका ओळीत जास्त जमीन नोंदवावी लागे. दोन जीबीच्या हिश्शात सर्वांत लहान तुकडा ३२ केबीचा. एक केबीचं पत्र ठेवलं तरी ३२ केबी अडायचे. ऑगस्ट १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर फॅट-३२ आलं आणि ही उधळपट्टी आवरली.

आता यातली मौज सांगतो. १९८३ च्या एफडिस्कच्या तक्त्यात सेक्टरांचा रकाना ३२ बिटचा ठेवलेला होता. तो तक्ता २ टीबीपर्यंत पुरला, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं. त्याच डॉसमधला १६ बिटचा रकाना मात्र चार-पाच वर्षांतच अपुरा पडू लागला. दोन्ही नोंदी एकाच घरच्या. दोन बाइट वाचवण्याचा निर्णय एका ठिकाणी घेतला, दुसऱ्या ठिकाणी घेतला नाही, एवढाच काय तो फरक. नियोजन करणाऱ्या प्रत्येकानं हे उदाहरण समोर ठेवावं असं मला वाटतं.

गायरानातलं अतिक्रमण

पहिल्या सेक्टरमध्ये वाटणीचा तक्ता असतो हे आपण पाहिलं. त्याच ट्रॅकवरचे उरलेले १६ सेक्टर मोकळेच सोडलेले असत, कारण पहिला हिस्सा पुढच्या ट्रॅकपासून सुरू होई. कुणाच्याच नावावर नसलेली ही जागा म्हणजे गायरान. आणि गायरानावर अतिक्रमण होतंच. १९८७ च्या सुमारास न्यूझीलंडमधून पसरलेला स्टोन्ड नावाचा व्हायरस स्वतः पहिल्या सेक्टरमध्ये बसायचा आणि मूळ मजकूर उचलून सातव्या सेक्टरमध्ये ठेवायचा.

याच जातीचा एक व्हायरस १९९० साली भारतात सापडला. त्याचं नाव जोशी. दर ५ जानेवारीला मशीन चालू केलं की ते अडून बसायचं आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करायला सांगायचं. तसं टाइप केलं की बिचारं पुन्हा कामाला लागायचं. आमच्याकडच्या तमाम जोशीमंडळींची त्या दिवशी चेष्टा व्हायची.

चेष्टेपुढचा भाग गंभीर होता. लोक व्हायरस घालवायला घाईघाईनं ‘फॉरमॅट’ द्यायचे. सगळ्या फाइली हातच्या जायच्या आणि व्हायरस जिथल्या तिथे. कारण फॉरमॅट काम करतो हिश्शाच्या आत, आणि हा बसलेला हिश्शाबाहेर, पहिल्या सेक्टरमध्ये. तिथे पोहोचायचं तर स्वच्छ फ्लॉपीवरून मशीन सुरू करून तो सेक्टरच नव्यानं लिहावा लागे. डॉस ५ मध्ये एफडिस्कला त्यासाठी एक गुपचूप ठेवलेला पर्याय होता, जो माहितगारांच्या तोंडून तोंडी पसरला. याच दशकात पुण्यात कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी यंत्रदुरुस्तीच्या व्यवसायातून क्विक हील हा अँटिव्हायरस उभा केला. ज्या देशात घरोघरी ‘फॉरमॅट मारा’ हाच एक उपाय माहीत होता, तिथे रोग नेमका कुठं आहे हे सांगणाऱ्याला काम मिळणारच होतं.

पुसलं म्हणजे काय?

आता मूळ प्रश्नाकडे. डॉसमध्ये फाइल डिलीट केली की काय व्हायचं? डिरेक्टरीतल्या तिच्या नावाचं पहिलं अक्षर बदलून तिथे एक खूण ठेवली जाई आणि फॅटमधली तिची जागा ‘मोकळी’ अशी नोंदली जाई. फाइलमधला मजकूर तसाच. पीटर नॉर्टन यांनी १९८२ साली बाजारात आणलेल्या नॉर्टन युटिलिटीजचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा होता. डिलीट झालेली फाइल परत आणताना तो प्रोग्रॅम फक्त एक गोष्ट विचारायचा : नावाचं पहिलं अक्षर सांगा. तेवढंच गेलेलं असे.

फॉरमॅटचंही तसंच. आमच्याकडे एका हवालदार क्लार्कनं रात्रपाळीत ‘ए’ ऐवजी ‘सी’ फॉरमॅट केली. दोन वर्षांच्या नोंदी आत. त्याचा चेहरा बघवत नव्हता. मी एकच हुकूम दिला : मशीनवर आता कुणी एक अक्षरही लिहायचं नाही. कारण जुनं पीक उभं आहे, पण वही कोरी आहे. नवीन काही पेरलं तर ते त्याच्यावरच पडेल. दुसऱ्या दिवशी रिकव्हरीचा प्रोग्रॅम मिळवला. मुख्य डिरेक्टरी गेल्यामुळे पहिल्या पातळीवरच्या डिरेक्टऱ्या आपली नावं विसरून, नुसते नंबर घेऊन बाहेर आल्या. पण त्यांच्या पोटातल्या फाइली बहुतेक नावानिशी सापडल्या. पुढे जून १९९१ मध्ये डॉस ५ आलं आणि त्यात अनफॉरमॅट ही आज्ञाच मिळाली. फॉरमॅट करण्याआधी जुन्या वहीची नक्कल बाजूला ठेवायची, एवढी साधी ती युक्ती.

जे क्लार्कला वाचवतं तेच शत्रूलाही वाचवतं. म्हणून जुनं मशीन निकाली काढताना आमचा हट्ट असे की हार्ड डिस्क वेगळी काढायची आणि तिची विल्हेवाट आपल्या डोळ्यांसमोर लावायची. भंगार घेणारा एक ठेकेदार कुरकुरला होता, “साहेब, फॉरमॅट केलेली डिस्क आहे, चार पैसे मिळाले असते.” त्याला म्हटलं, “बाबा, सात-बारा फाडला म्हणून शेत नांगरलं जात नाही.” डिस्क काही त्याला मिळाली नाही.

हा केवळ फौजी संशय नव्हता. अमेरिकेत एमआयटीमधल्या सिम्सन गारफिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यानं २००० ते २००२ या काळात जुन्या बाजारातून १५८ वापरलेल्या डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालत होत्या. नीट पुसलेल्या किती निघाल्या? फक्त १२. बाकींच्यात पत्रं, वैद्यकीय माहिती, हजारो क्रेडिट कार्डांचे नंबर. एक डिस्क तर एटीएम यंत्रातली होती. विकणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी इमानदारीनं फॉरमॅट मारलेला होता.

आज काय करायचं?

आयडीई डिस्क आल्यापासून पहिलं काम, म्हणजे मोजणी, कारखान्यातच होते. ‘जी=सी८००:५’ आता आठवणीत राहिलं. दुसरं आणि तिसरं काम मात्र तुमच्या मशीनमध्ये अजून होतं, फक्त चित्रांच्या आणि बटणांच्या मागे.

विंडोजमध्ये फॉरमॅट करताना ‘क्विक’ असा चौकोन दिसतो. त्याच्यावर टिचकी असेल तर फक्त नवी वही लिहिली जाते. टिचकी काढली तर विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्या पूर्ण हिश्शावर शून्यं लिहितात. फिरत्या थाळीची डिस्क विकायची असेल तर टिचकी काढा आणि वेळ लागू द्या. एसएसडीची रचना वेगळी आहे. तिथे कंपनीनं दिलेली सिक्युअर इरेजची सोय वापरावी, किंवा पहिल्या दिवसापासून माहिती कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करून ठेवावी. अलीकडचे फोन तेच करतात. फॅक्टरी रिसेट केलं की ते किल्ली नष्ट करतात. आतला मजकूर मग कुणाला वाचता येत नाही.

आणि उलट बाजू. चुकून फॉरमॅट झाला, पेन ड्राइव्ह ‘अनफॉरमॅटेड’ दिसायला लागला, लग्नाचे फोटो गेले असं वाटलं, तर घाईघाईनं त्यावर काही कॉपी करू नका. बाजूला काढून ठेवा. जाणकाराला दाखवा. कोरी झालेली बहुतेक वेळा नुसती वही असते.

दुकानदारानं पुढच्या वेळी “फॉरमॅट मारतो” म्हटलं की त्याला एवढंच विचारा : “वही बदलणार, की शेत नांगरणार?” उत्तर देताना तो अडखळला तर डिस्क घेऊन घरी या.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.